मावशींच्या डब्यातला भात



ही गोष्ट चैत्रातली आहे. आता पर्युषण तोंडावर आलं, तरी ती लिहायला मी बसत नव्हते. लिहायचं म्हटलं की आधी स्वतःची चूक लिहावी लागते, आणि तीही स्वयंपाकघरातली. पंचवीस वर्षं ओट्यापाशी उभी राहिलेली बाई तेवढ्यासाठी हात आखडता घेतेच. पण ज्या गोष्टीची आलोचना मी मनात शंभर वेळा केली, ती तुमच्यासमोर एकदा केलेली बरी. तुमच्यापैकी बऱ्याच जणी आज संध्याकाळीही तेच करणार आहात, जे मी त्या दिवशी केलं.

चैत्री ओळीचा पहिला दिवस होता. पहिलं पद अरिहंतांचं, रंग पांढरा, म्हणून एक धान्याचं आयंबिल करणाऱ्या त्या दिवशी भात घेतात. सासूबाई, मी आणि शेजारच्या तिघी, अशा पाच जणींचं आयंबिल आमच्याकडे ठरलं होतं. अकराच्या सुमारास भात उतरवला. ऐनवेळी शेजारच्या तिघींना आयंबिल खात्यातून बोलावणं आलं आणि त्या तिकडे गेल्या. आम्ही दोघी बाराला बसलो. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं तसंच राहिलं. मी झाकण ठेवलं आणि कामाला लागले. रात्री आम्ही जेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो भात वासी, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही आला नाही.

आमच्या केडगावात चैत्रातली दुपार कशी असते ते नगरकरांना सांगायला नको. पत्र्याच्या शेडखाली असलेल्या माझ्या स्वयंपाकघरात तर दुपारी ओट्याची फरशीसुद्धा कोमट लागते.

सहाला भांडी घासायला मावशी आल्या. मी म्हणाले, "मावशी, भात घेऊन जा बरं का. सकाळचाच आहे, चांगला आहे." त्यांनी आनंदाने डबा भरून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, अन्न वाया गेलं नाही." मलाही आतून बरं वाटलं. आयंबिलाच्या दिवशी हातून थोडं दानही घडलं, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. अकराला त्यांची मुलगी निरोप घेऊन आली. रात्री दहापासून आईला आणि धाकट्या भावाला उलट्या सुरू झाल्या होत्या, दोघांनाही पहाटे सलाइन लावावं लागलं होतं. मी तशीच चप्पल घालून गेले. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या भाताला काही नव्हतं हो. मी चांगली फोडणी देऊन, वाफ आणून वाढला. उन्हाचंच असंल काहीतरी."

त्या मला समजावत होत्या. मी दिलेल्या भाताने त्या आजारी पडल्या आणि मला वाईट वाटू नये म्हणून उन्हाला दोष देत होत्या. डॉक्टरांचे पैसे मी दिले, त्यांच्या बाकीच्या घरांचा खाडाही भरून दिला. पण त्या वाक्याची भरपाई कशाने करायची ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. भात तोच, पातेलं तेच, पाणी आमचं गाळलेलं. आम्ही दोघींनी खाल्ला, आम्हाला काही झालं नाही. मावशींनी तर पुन्हा गरम करून खाल्ला. मग झालं काय?

हाच प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: भात शिजल्यावर किती वेळ बाहेर होता, आणि खाल्ल्यावर किती वेळात उलट्या लागल्या. सात-आठ तास बाहेर, आणि साडेआठला जेवून दहाला उलट्या, असं मी सांगितलं. ते म्हणाले, तपासणी केल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, पण हा हिशोब बॅसिलस सेरियसचा वाटतो. भात जास्त वेळ बाहेर राहिला की पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर त्यावर बरंच वाचलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

हा जिवाणू मातीत राहतो. मातीत म्हणजे शेतात, शेतात म्हणजे भातावर, गव्हावर, डाळींवर, मसाल्यांवर, आणि धुळीबरोबर सगळीकडे. त्याचं पहिलं वर्णन १८८७ साली इंग्लंडमध्ये ग्रेस आणि पर्सी फ्रँकलंड या नवरा-बायकोने केलं, आणि त्यांना तो सापडला गोठ्यातल्या हवेत! म्हणजे आपल्या घरात तो येऊ नये म्हणून दार लावण्यात अर्थ नाही. तो तांदळाच्या पोत्यातूनच आलेला असतो, आणि कितीही धुतला तरी तांदळावर थोडा राहतोच.

आता त्याची खरी करामत. संकट आलं की तो स्वतःभोवती जाड कवच तयार करतो आणि आत निपचित पडून राहतो. याला बीजाणू म्हणतात. ज्वारीचं बी कोरड्या कणगीत वर्षभर पडून राहतं आणि पाऊस पडला की उगवतं, तसंच हे. भात उकळतो तेव्हा बाकीचे जिवाणू मरतात, पण हे कवचातले बीजाणू तग धरतात. उलट त्या उष्णतेने ते जागे व्हायला तयार होतात. भात कोमट झाला, ओलावा आहे, खायला पिष्ट आहे आणि बाकीचे सोबती मेल्यामुळे जागाही मोकळी. मग ते कवच फोडून बाहेर येतात आणि वाढू लागतात. तीस ते चाळीस अंशांची ऊब त्यांना सगळ्यात मानवते. आपल्या चैत्र-वैशाखातलं स्वयंपाकघर म्हणजे नेमकं तेवढंच.

वाढतात किती? कागदावर हिशोब मांडून बघा. समजा शंभर जागे झाले आणि दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले. सात तासांत चौदा वेळा दुप्पट. शंभराचे सोळा लाख होतात. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होईल, पण अंदाज येतो.

आणि वाढता वाढता त्यांच्यातल्या काही जाती भातातच एक विष सोडतात. त्याचं नाव सेरेयुलाइड. मावशींच्या "चांगली वाफ आणून"चं उत्तर इथे आहे. जिवाणू उष्णतेने मरतो, पण हे विष मरत नाही. ते जिवंतच नाही तर मरणार कसं? प्रेशर कुकरमध्ये साधारण १२० अंशांपर्यंत तापमान जातं, तेवढ्यानेही ते मोडत नाही. फोडणी दिली, तळलं, दोनदा उकळलं, तरी ते तिथेच. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

याचा दुसरा प्रकार जुलाबांचा. त्यात विष अन्नात नाही, आपल्या आतड्यात तयार होतं, म्हणून त्रास उशिरा, साधारण सहा ते पंधरा तासांनी सुरू होतो. हा भातापेक्षा वरण, भाज्या, दुधाचे पदार्थ, घट्ट रस्से यांतून जास्त येतो. नॉर्वेमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णालयातले लोक व्हॅनिला सॉस खाऊन आजारी पडले होते. सॉस आदल्या दिवशी करून बाहेर ठेवला होता आणि बीजाणू आले होते त्यात घातलेल्या मक्याच्या पिठातून. तिथले शास्त्रज्ञ स्टाइनर हाउगे यांनी खात्री करायला हा जिवाणू मुद्दाम वाढवलेला सॉस स्वतः पिऊन पाहिला आणि काही तासांनी तेही आजारी पडले. आदल्या रात्री कस्टर्ड करून ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

भाताचा प्रकार जगाला नीट कळला तो १९७१ नंतर, इंग्लंडमधल्या चायनीज हॉटेलांमुळे. फ्राइड राइससाठी तिथे भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमध्ये ठेवला की त्याचे गोळे होतात. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर परतून देत. लोक आजारी पडत राहिले.

दोन्ही प्रकारांत बहुतेक माणसं एका दिवसात बरी होतात. पण नेहमीच असं होत नाही. बेल्जियममध्ये २००८ साली वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस ओट्यावर पडलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो गेला. त्याचं यकृत निकामी झालं होतं. अशा घटना फार विरळ आहेत, घाबरवायला सांगत नाही. "गरम केलं की झालं" हे वाक्य किती महाग पडू शकतं तेवढं कळावं म्हणून सांगितलं.

आता आपल्या घरातलं बोलूया.

आपल्या ग्रुपवर दर पर्युषणात एक मेसेज फिरतो की वासी अन्नाचा त्याग आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे आणि विज्ञानाला आत्ता कळलं. मीही तो पुढे पाठवला आहे. यंदा पाठवणार नाही. नियम खोटा आहे म्हणून नाही. नियम सोन्यासारखा आहे. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो नियम मी फक्त माझ्या ताटापुरता पाळत होते.

विचार करा. महाराज साहेब गोचरीला आले की आपण किती बघतो! पाणी कधी गरम केलं, भाजीला हिरवं काही लागलं नाही ना, आहार सुझता आहे ना. सात तास झाकलेला भात आपण त्यांच्या पात्रात घालू का? हात पुढेच होणार नाही. मग तोच हात मावशींच्या डब्याकडे इतका सहज कसा जातो? संध्याकाळ झाली की आपण पातेली उघडून बघतो, उद्या चालणार नाही ते बाजूला काढतो आणि त्याला नाव देतो दान. जे उद्या माझ्यासाठी अभक्ष्य होणार, ते आज रात्री त्यांच्या मुलाने खायचं, कारण माझ्या घरात अन्न वाया जाऊ नये. हे दान मावशींना होत नाही, माझ्या मनाच्या समाधानाला होतं. माझं मत कडक वाटेल, पण ते माझ्याविषयीचं आहे.

मी सासूबाईंशी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण तो त्याच दिवसाचा होता ना? वासी कुठे होता?" बरोबर आहे. रात्र उलटली की वासी, हा आपला हिशोब. त्या हिशोबाने माझा भात शुद्ध होता. पण जिवाणूला तिथी कळत नाही, त्याला तास कळतात. सूर्यास्त ही आपली शेवटची मर्यादा आहे. तोवर सगळं सुरक्षितच असतं असं कुठे म्हटलं आहे?

ऋतू बघून काळ कमी करायची बुद्धी तर आपल्याच परंपरेत आहे. मिठाईचा काळ हिवाळ्यात तीस दिवस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा, हे आपल्याला आजीने पाठ करून घेतलं. मग उन्हाळ्यात शिजवलेल्या भाताचा काळ दिवसावरून तासांवर आणला तर त्यात परंपरेविरुद्ध काय आहे? मला तर ते तिचंच पुढचं पाऊल वाटतं.

चलित रसाचंही तसंच. चव, वास, रंग बदललेलं अन्न आपण खात नाही, पण न बदललेलं सगळं चांगलंच, असा त्याचा उलटा अर्थ आपण काढून ठेवला आहे. मी त्या संध्याकाळी भाताचा वास घेऊन बघितला होता. मस्त होता.

कुणी म्हणेल, आजूबाजूला सगळे शिळ्या भाताला फोडणी देऊन खातात, त्यांना काही होत नाही. खरं आहे, बऱ्याचदा होत नाही. प्रत्येक भातात हे विष तयार होतंच असं नाही. पण हेल्मेट न घालता पुणे रस्त्याने जाणारे सगळे काही पडत नाहीत, तरी आपण मुलांना हेल्मेट घालायला लावतोच ना?

घरातल्या पातेल्याचं हे, तर संघातल्या पातेल्याचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि त्या रात्री शेकडो माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवल्या आणि जमिनीवर झोपवून माणसांवर उपचार केले. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. श्रद्धेने रांधलेलं, श्रद्धेने खाल्लेलं अन्न. मोठ्या पातेल्यात चूक झाली, मग ती कसलीही असो, तर ती एकाच वेळी सगळ्या गावात पोचते, हे त्या फोटोंनी दाखवलं.

आपल्याकडेही चातुर्मासात गौतम प्रसादी असतात. आचारी पहाटे लागतो, भात सातला उतरतो, प्रवचन लांबतं, सत्कार लांबतात, पहिली पंगत साडेबाराला आणि शेवटची अडीचला. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी भात तासन्‌तास कोमट राहतो. एफएसएसएआयचा साधा नियम आहे: गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवा, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधली सगळी जागा जंतूंची. माझी आपल्या महिला मंडळांना हात जोडून विनंती आहे, भात दोन-तीन टप्प्यांत शिजवायला सांगा. भाषणं थोडी कमी झाली तरी कुणाचं पुण्य कमी होणार नाही.

माझ्या घरात मी जे बदललं ते असं:

भात मोजून लावते. एखाद-दुसरा घास कमी पडला तर पोळी आहेच. कमी रांधलं की आरंभ-समारंभही कमी, गॅसही कमी.

शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवत नाही, आणि चैत्र-वैशाखात एकच तास.

मावशींना द्यायचं असेल तर आमच्या जेवणाच्या वेळी, गरम असतानाच वेगळं काढून देते. त्या संध्याकाळी येणार असतील तर त्यांच्यासाठीचा भाग परातीत पातळ पसरते, वाफ गेली की लगेच छोट्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि देताना सांगते की घरी गेल्या गेल्या वाफ येईपर्यंत गरम करून खा, उद्यावर ठेवू नका. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलून उपयोग नाही, ते आतून थंड व्हायला फार वेळ घेतं.

देण्यासारखं नसेल तर देत नाही. त्याऐवजी कोरडा शिधा देते. तांदळाची किलोभर पिशवी कधी कुणाला बाधत नाही.

आणि तरीही कुणाला त्रास झालाच, तर अंगातलं पाणी जाऊ द्यायचं नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहायचं. तयार ओआरएस असेल तर उत्तम. मनाने अँटिबायोटिक देऊ नका, अन्नातून गेलेल्या विषावर त्याचा उपयोग नसतो. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, लघवी कमी झाली असेल, शौचातून रक्त येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा गुंगी येत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

एकीने मला विचारलं, मग हे जंतू मारायचे म्हणजे हिंसा नाही का? मला वाटतं आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे, जयणा. मारायची वेळच येऊ नये इतकी काळजी घ्यायची. पातेल्यात लाखो जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग ते उकळून मारायचे, यात ना अहिंसा, ना आरोग्य. वेळेवर रांधलं, वेळेवर वाढलं, मोजून केलं, की दोन्ही सांभाळलं जातं. फक्त ती जयणा उंबरठ्याच्या आत थांबायला नको. आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या डब्यापर्यंत ती गेली पाहिजे.

मावशी आजही आमच्याकडे येतात. परवा त्यांना गरम भात-वरण काढून दिलं तर हसून म्हणाल्या, "वहिनी, एवढा हिशोब कशाला करता?" मी काही बोलले नाही. संवत्सरीला आपण सगळ्यांना फोन करून क्षमा मागतो, लांबच्या नातेवाइकांनासुद्धा. यंदा माझा पहिला नमस्कार ओट्यापाशीच होणार आहे, भांडी घासणाऱ्या त्या हातांना.

मिच्छामि दुक्कडम्, मावशी.